न विचारता आणलेलं सरपण

इथे इंग्लंडमध्ये बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. दुकानात पिशवी हातात घेताना म्हणतात, कुणी दार धरलं तर म्हणतात, रस्ता ओलांडायला गाडी थांबली तर हात वर करून म्हणतात. इतकी वर्षं या देशात काढल्यावर माझ्या तोंडात तो शब्द असा बसला आहे की तुमचे आजोबा म्हणायचे, "हिला न्यायला यम आला तरी ही आधी त्याला थँक यू म्हणेल, मग चप्पल शोधेल." अशा देशात, आमच्याच गल्लीच्या टोकाला एक बाई राहायची, जी हा शब्द वापरत नसे.

रेवा, परवा व्हिडिओवर तू विचारलंस, "आजी, तुझ्या दारामागे ती लांब काठी कसली?" अन्वयला ती मासे पकडायची वाटली. ती आकडी आहे. टोकाला लोखंडी वाकडं बोट असलेली काठी, उंचावरची वाळकी फांदी ओढून काढायची. ती त्या बाईची. व्हिडिओवर मला ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. तिचं नाव मात्र लिहीत नाही. आपलं नाव कागदावर आलेलं तिला खपत नसे. मी ते एकदा कागदावर आणलं, आणि त्याचं काय झालं तेच मुख्यतः सांगायचं आहे.

तुमचे आजोबा जिल्ह्याच्या हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर आम्ही या गावात घर घेतलं. वेल्सची सीमा इथून जवळ. गल्लीत आमचं घर शेवटून दुसरं. शेवटचं तिचं, दोन खोल्यांचं, भाड्याचं, दगडी, आणि त्यापुढे जंगल. गावात गॅसची लाइन नाही. बाकीच्यांकडे तेलाच्या टाक्या आहेत. तिच्याकडे भिंतीत बसवलेली एक जुनी लोखंडी चूल होती. त्याच चुलीवर तिचा स्वयंपाक, त्याच चुलीमागे अंघोळीचं पाणी तापायचं, आणि त्याच चुलीनं घर ऊबदार राहायचं. वीज फक्त दिव्यापुरती. हिवाळ्यात ती फ्रिजसुद्धा बंद करून दूध खिडकीबाहेर ठेवायची. म्हणायची, "बाहेर एवढा मोठा फ्रिज फुकट चालू असताना आतला कशाला?"

आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मोठं वादळ झालं. सकाळी उठून बघते, तर आमच्या मागच्या कुंपणावर ॲश नावाच्या झाडाची एक मोठी फांदी पडलेली, आणि पुरुषाचा ओव्हरकोट सुतळीनं कमरेला बांधलेली एक म्हातारी ती ओढून नेते आहे. मी इथल्या रीतीप्रमाणे खिडकी उघडून विचारलं, "मी काही मदत करू का?" या वाक्याचा इथला खरा अर्थ, तू माझ्या आवारात काय करते आहेस, असा असतो. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "नको. एकटीला जमतंय." आणि फांदी घेऊन गेली.

संध्याकाळी आमच्या पायरीवर बारीक काटक्यांची एक जुडी ठेवलेली होती, जुन्या चादरीच्या चिंधीनं बांधलेली. ना चिठ्ठी, ना हाक. आजोबा म्हणाले, "बघ, हिशेबाला पक्की आहे. फांदी मोठी, जुडी छोटी, पण तोडून ओढण्याची मजुरी कापून घेतलेली दिसते."

त्यानंतर ती आमच्या घरी येऊ लागली. दार वाजवायची नाही, सरळ स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची. मला "मिसेस डॉक्टर" म्हणायची. इंग्रजीत तू आणि तुम्ही यांत फरक नाही, पण तिचं सगळं बोलणं माझ्या कानाला "तू" म्हणूनच ऐकू यायचं. मी चहा दिला की घ्यायची, कप विसळून ठेवायची, निघून जायची. मी एकदा तिला स्वेटर विणून दिला. तिने तो उलटा करून टाके पाहिले, "बरा आहे," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर सोललेले चेस्टनट आणून ठेवले. आजोबांना ती फार आवडायची. त्यांनी तिचा खोकला तपासला, छातीला नळी लावून म्हणाले, "धूर कमी करा." ती म्हणाली, "धूर माझा नाही. ओल्या लाकडाचा आहे. ओलं लाकूड आणि गोड बोलणारा माणूस, दोन्ही घरात धूर करतात. मी दोन्ही आणत नाही."

जंगल तिचं दुकान होतं, असं मी म्हणू लागले की ती मला अडवायची. "दुकानात मागावं लागतं." एप्रिलमध्ये ती रानातल्या लसणीचा पाला आणायची, त्याचं सूप करायची. उन्हाळ्यात बर्चच्या काड्यांचे झाडू बांधून वाळत टाकायची. शरद ऋतूत ब्लॅकबेरी, हेझेलच्या शेंगदाण्याएवढ्या बिया, आणि अळंबी. कुठलं अळंबं खायचं हे तिला वासावरून कळायचं. ख्रिसमसआधी ती हॉलीच्या काटेरी पानांची आणि आयव्हीच्या वेलांची गोल कडी करून चर्चच्या दारात विकायची, त्यातून हिवाळ्याचे बूट यायचे. पण या सगळ्याशिवाय माणूस तगू शकतो. सरपणाशिवाय तिला तगता आलं नसतं. म्हातारपणाच्या पेन्शनमध्ये घर तापवणं बसत नव्हतं, हे तिने मला कधी सांगितलं नाही. मला ते फ्रिजवरून कळलं.

सरपणाचे तिचे नियम मात्र ठरलेले होते. जिवंत झाडाला हात लावायचा नाही. पात्याचं हत्यार नाही, करवत नाही, कुऱ्हाड नाही. आकडीनं ओढून येईल तेवढंच घ्यायचं. चाकाची गाडी फाटकाच्या आत न्यायची नाही. पाठीवर बसेल तेवढीच मोळी. ती म्हणायची, "जंगलात मेलेलं ते माझं, जिवंत ते त्याचं." त्याचं म्हणजे मालकाचं. जंगल एका जुन्या जमीनदार घराण्याचं होतं, आणि गल्लीतल्या घरांना हे मेलेलं लाकूड घेण्याचा रिवाज किती पिढ्यांचा होता ते कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर कुठे काही नव्हतं.

कागद नव्हता म्हणून दुसरी एक रीत होती. ऑक्टोबरमधल्या पहिल्या सोमवारी, भर सकाळी, गल्लीतल्या बायकांनी जंगलात जायचं, एकेक मोठी वाळकी फांदी आकडीनं खाली आणायची, आणि ती रस्त्यावरून फरफटत, मुद्दाम आवाज करत, मालकाच्या माणसाच्या घरासमोरून घरी न्यायची. पूर्वी म्हणे सात-आठ घरच्या बायका असत, हसत-ओरडत जात. मी आले तेव्हा ती एकटीच उरली होती. बाकीच्या घरांत तेल आलं होतं. तरी ती दरवर्षी जायची, आणि मालकाच्या माणसाच्या खिडकीसमोर आली की फांदी जरा जास्तच आपटायची. तो आतून हात हलवायचा. ती हात हलवायची नाही.

एका वर्षी मी तिच्याबरोबर गेले. माझा कोट चिखलानं भरला, ती माझ्या बुटांवरून दोनदा हसली. परत येताना मी विचारलं, "एवढा तमाशा कशाला? ते काही तुम्हाला अडवत नाहीत. एकदा रीतसर विचारून का ठेवत नाही?"

ती थांबली. फांदी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लपून आणलं तर चोरी. विचारून आणलं तर भीक. उघड आणलं तर हक्क. माझ्या आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं. तू शिकलेली आहेस, पण हे तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही."

मला खरंच कुणी शिकवलं नव्हतं. उलट शिकवलं होतं. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, चंद्रपूर जिल्ह्यात जंगलखात्यात रेंजर होते. आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात कोपऱ्यात जप्त केलेल्या कुऱ्हाडी आणि कोयत्यांचा ढीग असायचा. सकाळी मी शाळेला निघायची, तेव्हा पायऱ्यांवर मोळीवाल्या बाया बसलेल्या असायच्या, आपला कोयता परत मिळेल म्हणून. डोक्यावरची चुंबळ काढून मांडीवर ठेवायच्या. वडील कठोर नव्हते. त्यांना शिवी देताना मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "अर्ज करा. मी नाही म्हणतो का? पण विचारा तरी." आणि अर्ज केला की ते खरोखर परवानगी द्यायचे, वर त्यांच्यासाठी अर्ज लिहायला मला बसवायचे. दहा-अकरा वर्षांची मी सुवाच्य अक्षरात "सविनय विनंती" लिहायची आणि बाया अंगठा उठवायच्या. त्यातली एक थोराड बाई एकदा म्हणाली, "पोरी, रान आमच्या बापजाद्यांचं, अन् विचारायचं तुझ्या बापाला?" मी वडिलांना ते सांगितलं. त्यांना हसू आलं. मलाही आलं. आमच्या घरात देवघर लहान होतं आणि अर्जांची फाइल मोठी.

आजोबा गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जंगल विकलं गेलं. घेणारी कंपनी लंडनची. झाडं हवेतला कार्बन शोषतात, त्याचे कागद करून विमान कंपन्यांना विकायचे, असा काहीसा तो व्यवसाय होता. फाटकाला कुलूप लागलं. शेजारी छानशी पाटी लागली, तिच्यावर एका किड्याचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, की पडलेलं लाकूड हे कीटकांचं घर आहे, कृपया नेऊ नका. कंपनीची मॅनेजर गावच्या हॉलमध्ये येऊन बोलून गेली. तरुण, हसरी, सगळ्यांची नावं लक्षात ठेवणारी मुलगी. मला ती फार आवडली. परतताना मी शेजारणीला तसं म्हटलं. ती बाई म्हणाली, "धूर."

त्या ऑक्टोबरमध्ये तिने फाटक चढून ओलांडलं. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. जाताना चढली, येताना फांदीसकट पडली. उजवं मनगट मोडलं. मी तिला हॉस्पिटलात नेलं, प्लास्टर घालून आणलं. सहा आठवडे आकडी धरता येणार नव्हती, आणि नंतरही ते फाटक तिथेच असणार होतं. घरामागे रचलेलं सरपण ख्रिसमसपर्यंत पुरलं असतं. मी गाडीत तिला म्हटलं, "हे असं चालायचं नाही. मला जरा नीट मार्गाला लावू द्या."

"तू लाव," ती म्हणाली. दुखत होतं म्हणून म्हणाली असेल.

मी दोन दिवस त्या पत्रावर बसले. मुलांनो, मी आयुष्यात लिहिलेलं ते सर्वांत चांगलं पत्र असेल. तिच्या नावानं लिहिलं. तिचं वय, तिची चूल, तिचे नियम, पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, सगळं क्रमानं. आणि शेवटी, पूर्वीप्रमाणे वाळकं लाकूड नेण्यास आपण कृपया परवानगी द्यावी, आपली आभारी राहीन. टाइप करून तिच्याकडे घेऊन गेले. तिचा चष्मा पडताना फुटला होता. तिने कागद डाव्या हातात धरून चुलीच्या उजेडाकडे नेला.

"काय लिहिलंयस?"

"तुम्हाला लाकूड आणू द्यावं असं."

"विचारलं नाहीस ना?"

मी म्हणाले, "रीतसर कळवलंय."

ते खोटं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. ही फक्त पत्र लिहायची पद्धत आहे, तिला कुठे त्यातलं कळतं, असं वाटलं. तिने डाव्या हातानं लहान मुलासारखी वाकडी सही केली. मी ते पत्र नोंदणी टपालानं पाठवलं आणि प्रत फाइलला लावली.

आठवड्याच्या आत उत्तर आलं. अतिशय सुंदर उत्तर. आपली विनंती आनंदाने मान्य करत आहोत, या एका हिवाळ्यासाठी, दर शनिवारी, फाटकाची किल्ली ऑफिसातून न्यावी. मी ते नाचवत तिच्याकडे नेलं. तिने फक्त "शनिवार?" असं विचारलं. त्या हिवाळ्यात किल्ली मी आणायची, काटक्या मी गोळा करायची, ती प्लास्टरचा हात कोटात घालून बाजूला उभी राहून मला शिकवायची. "ते नको, ते आतून ओलं आहे. वाजवून बघ." मी सुखात होते. मला वाटलं, काय अवघड होतं यात.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी पुन्हा विनंती पाठवली. या वेळी उत्तर यायला महिना लागला. ॲशच्या झाडांना रोग लागला आहे, झाडं ठिसूळ होऊन अचानक कोसळतात, सुरक्षिततेच्या कारणास्तव या वर्षी परवानगी देता येत नाही, दिलगीर आहोत. रोग खोटा नव्हता. ती झाडं मी माझ्या खिडकीतून मरताना बघत होते. तिच्या हिशेबानं तेवढं सरपण गल्लीतल्या सगळ्या घरांना पुरलं असतं.

शहरातल्या लायब्ररीत एक वकील फुकट सल्ला द्यायला बसतो. मी सगळी फाइल घेऊन गेले, खुणेच्या चिठ्ठ्या लावून. तो थकलेला, पण भला माणूस होता. त्याने रिवाजाबद्दल ऐकलं, ऑक्टोबरच्या सोमवाराबद्दल ऐकलं, आणि खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला, "इतकी वर्षं, उघडपणे? जबरदस्ती न करता, न लपता?"

"हो."

"आणि कधीच परवानगी न मागता? हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. मागितलेली गोष्ट हक्क राहत नाही, मेहेरबानी होते."

मी फाइल त्याच्याकडे सरकवली. त्याने फाइल उघडली. पहिलंच पत्र माझं होतं. त्याने ते पूर्ण वाचलं, सहीपर्यंत. मग पेनाला टोपण लावलं.

"पत्र फार छान लिहिलंय," तो म्हणाला. "पण का लिहिलं?"

लढून काही निघालं असतं का, हे तो खात्रीनं सांगू शकत नव्हता. पण लढायला जे काही होतं ते त्या पत्रानं तिच्याच सहीनं देऊन टाकलं होतं, हे त्याने मला हळू आवाजात समजावलं. मी त्याला थँक यू म्हटलं. बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही म्हटलं.

तिला सांगायला मी त्याच दिवशी गेले. ती चुलीपाशी बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, "रीतसर कळवलंय" या शब्दांसकट. ती रागावेल, आकडी उगारेल, असं वाटलं होतं. तिने चुलीचं दार उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं.

"तुझा बाप जंगलखात्यात होता, नाही का?"

"हो."

"वाटलंच," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती आकडी माझ्या दाराला टेकवून ठेवलेली होती. ना चिठ्ठी, ना हाक. पण या वेळी ती कशाची परतफेड करून गेली नव्हती. त्यानंतर ती माझ्या स्वयंपाकघरात आली नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरचा पहिला सोमवार कुणी पाळला नाही. मी खिडकीशी उभी होते. वाटलं, आकडी घेऊन आपण जावं. पण माझ्या हातात ती शोभली नसती, आणि खरं सांगायचं तर कुलूप पाहून मी परत आले असते. मी कुलपं उघडायला किल्ली मागणारी बाई आहे.

डिसेंबरमध्ये तिच्या धुराड्यातून धूर येणं बंद झालं. मार्चमध्ये ती गेली. डॉक्टरांनी छाती म्हटलं. दफनाला पाच माणसं होतो. आता त्या घरात शनिवार-रविवारचे पाहुणे उतरतात. चूल पॉलिश करून ठेवली आहे. तिच्या शेजारी टोपलीत सुबक ओंडके रचले आहेत, आणि टोपलीला चिठ्ठी आहे, की हे शोभेसाठी आहेत, कृपया जाळू नयेत. मी एकदा खिडकीतून पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

पण धूर बंद झाल्यानंतर आणि ती जाण्याआधी मी एकदा तिच्याकडे गेले होते. भट्टीत वाळवलेली लाकडं इथे जाळीच्या पिशव्यांत विकत मिळतात. मी चार पिशव्या मागवल्या. मोळी पाठीवर घ्यायची असते हे आठवून गाडीतून न नेता एकेक पिशवी हातानं ओढत तिच्या दारापर्यंत नेली. मुद्दाम आवाज करत नेली, काय वाटून ते मला सांगता येणार नाही.

दार वाजवलं. यापूर्वी त्या दारावर मी कधी टकटक केली नव्हती. ती आत खुर्चीत होती, कोट घालून, सुतळी बांधून, पायाशी विजेचा छोटा हीटर, त्याची एकच दांडी लाल. मी म्हटलं, "लाकूड आणलंय. वाळकं आहे, वाजवून बघा."

मला वाटत होतं, ती म्हणेल, नको. किंवा म्हणेल, बरं आहे. किंवा उठून एखादा ओंडका खरंच वाजवेल आणि मला माझ्या अडाणीपणावरून बोलेल. मी त्याचीच वाट बघत उभी होते.

तिने पिशव्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी नीट, अगदी सभ्यपणे, बसमधून उतरताना म्हणतात तसं म्हणाली, "थँक यू."